जुन्या कोटाची कॉलर मानेपासून सुटते: कारण शोधण्याचा क्रम

आजोबांचा लग्नातला कोट नातू अंगात घालतो, खांदे बऱ्यापैकी बसतात, बाहीची लांबीही जमते आणि समोरून पाहणारे समाधानाने मान डोलावतात. मात्र मागून पाहिले की शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यामध्ये बोटभर पोकळी दिसते. जुने कोट दुरुस्त करण्याच्या माझ्या कामात या दोषाइतका वारंवार आलेला दुसरा दोष नाही. या दोषावर घाईने केलेल्या उपायांनी जितके चांगले कोट कायमचे बिघडलेले मी पाहिले आहेत, तितके कसरीनेही बिघडलेले पाहिलेले नाहीत. घाईचा उपाय जवळजवळ नेहमी एकच असतो, तो म्हणजे कॉलर उसवून, मागे कापून घट्ट करणे. दोष कॉलरपाशी दिसतो हे खरे, पण त्याचे कारण बहुधा अस्तरात, खांद्याच्या पॅडमध्ये, पाठीच्या लांबीत किंवा घालणाऱ्याच्या उभे राहण्याच्या सवयीत असते. म्हणून खाली दिलेल्या क्रमात कॉलरला हात लावण्याची पाळी जवळजवळ शेवटी येते.

हे सर्व उघड्या गळ्याच्या, लॅपल (कॉलरखाली छातीवर बाहेर वळवलेली पट्टी) असलेल्या कोटाबद्दल आहे. बंद गळ्याच्या कोटाचा गळा वेगळ्या रीतीने कापलेला असतो आणि त्याला हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

लक्षणे

कोट उसवण्यापूर्वी नेमके काय दिसते ते कागदावर लिहून काढावे, कारण एकदा शिवण मोकळी झाली की मूळ लक्षण पुन्हा पाहायला मिळत नाही. सरळ उभे असताना मानेच्या मागे, मधोमध पोकळी दिसते, की मानेच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या शिवणीजवळ दिसते, हे पाहावे. मधोमध दिसत असेल तर पाठीची लांबी, अस्तर किंवा सैल पडलेला गळा यांच्यावर संशय घ्यावा. बाजूंना दिसत असेल तर गळा मूळ मालकाच्या जाड मानेच्या मापाने रुंद कापलेला असण्याची शक्यता अधिक असते.

त्यानंतर कॉलरच्या लगेच खाली पाहावे. तेथे एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जाणारी आडवी वळी दिसत असेल, तर पाठीला त्या जागी कापड जास्त झाले आहे आणि कोट मानेवर न टेकता खांद्यांच्या टोकांवर अडकून राहिला आहे, असे समजावे. वळी अजिबात नसेल, उलट पाठीचे कापड ताणलेले दिसत असेल, मागचा कट उघडा राहत असेल आणि कोटाचा घेर मागे उचललेला व पुढे खाली आलेला दिसत असेल, तर पाठ आखूड पडत आहे. पहिल्या कोटात पाठ कमी करावी लागते आणि दुसऱ्यात वाढवावी लागते. दोन्ही कोटांत पोकळी मात्र सारखीच दिसते, आणि म्हणूनच केवळ पोकळी पाहून उपाय ठरवणे धोक्याचे आहे.

उभे असताना कॉलर नीट बसते आणि हात पुढे नेला किंवा खुर्चीत बसले की सुटते, हे तिसरे लक्षण होय. चौथे लक्षण एकाच बाजूची पोकळी हे असून ते पुष्कळ दिसते, कारण बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो. जुना कोट मूळ मालकाच्या उतरत्या खांद्याचा हिशेब ठेवून शिवलेला असला आणि नव्या मालकाचा दुसराच खांदा उतरता असला, तर हा फरक दुप्पट होऊन दिसतो.

पहिली तपासणी: कोट नीट घातला आहे का

या तपासणीला काही खर्च नाही आणि हिच्यामुळे अनेक कोट शिंप्याकडे जाण्यापासून वाचतात. कोट टी-शर्टवर घालून पाहू नये. उभ्या पट्टीची कॉलर असलेला, मानेला बरोबर बसणारा शर्ट घालावा, कारण कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकण्यासाठीच कापलेली असते आणि शर्टाची पट्टी कोटावर साधारण एक ते दीड सेंटीमीटर दिसावी अशी अपेक्षा असते. शर्टाची कॉलर बसकी असेल तर निर्दोष कोटही सुटलेला दिसतो. तीन बटणांच्या कोटाचे मधले बटण लावावे, दोन बटणांच्या कोटाचे वरचे, आणि सर्वांत खालचे बटण कधीही लावू नये. ते लावले की पुढचा भाग खाली खेचला जाऊन मागची कॉलर उचलली जाते. खिसे रिकामे करावेत. आतल्या खिशात मोबाइल ठेवला की एका बाजूचे वजन वाढते आणि त्या बाजूची कॉलर मानेपासून दूर ओढली जाते.

घालणाऱ्याने आरशात मान वळवून मागे पाहण्याचा प्रयत्न केला की पोकळी निर्माण होणारच, म्हणून पाठीमागून आणि बाजूने फोटो दुसऱ्या कोणीतरी काढावा. फोटो काढताना घालणाऱ्याला बोलते ठेवावे, म्हणजे तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने उभा राहतो. लक्षण केवळ हात उंचावल्यावर दिसत असेल, तर तो दोष मानू नये. बाही कोटाला जोडलेली असल्यामुळे हात वर गेला की कोट थोडा वर जाणारच.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. थंडीसाठी किंवा तीन तुकड्यांच्या सूटसाठी शिवलेल्या कोटात वेस्टकोटची जागा धरलेली असते. वेस्टकोट हरवला असेल आणि कोट नुसत्या शर्टावर घातला जात असेल, तर छाती सैल पडून पुढचे भाग झुलतात आणि कॉलर स्थिर राहत नाही. अशा वेळी दुरुस्तीपेक्षा नवा वेस्टकोट शिवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी तपासणी: हँगर, वाफ आणि कापडाची ओळख

पेटीत घडी घालून किंवा तारेच्या हँगरवर वर्षानुवर्षे राहिलेल्या कोटाची कॉलर चपटी झालेली असते. मुळात कॉलरची खालची बाजू मेल्टन नावाच्या, नमद्यासारख्या दाट लोकरी कापडाची असते. तिच्यावर तिरक्या धाग्यात कापलेला लिननचा कॅनव्हास असतो. आणि हे दोन्ही थर शेकडो बारीक हातटाक्यांनी, मानेच्या गोलाईवर वळवत वळवत एकत्र शिवलेले असतात. त्यानंतर इस्त्रीने कॉलरची बाहेरची कड ताणून आणि मधला भाग आवळून तिला घोड्याच्या नालेसारखा आकार दिलेला असतो. कोणी ती टेबलावर सपाट ठेवून इस्त्री केली की हा आकार जातो आणि कॉलर मानेभोवती वळण्याऐवजी मागे सरळ उभी राहते.

आकार परत आणता येतो की नाही, हे कापडावर अवलंबून आहे. १९२५ साली ठाण्यात सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीचे, कानपूरच्या लाल इमलीचे किंवा पंजाबातल्या धारीवालचे शुद्ध लोकरी कापड असेल, तर लोकर ओलसर वाफेने मऊ होते आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. साठच्या दशकानंतर आपल्याकडे टेरीवूल, म्हणजे लोकर आणि पॉलिएस्टरचे मिश्र कापड, आले. त्यातला पॉलिएस्टरचा धागा लोकरीसारखा आवळत नाही आणि जास्त तापला की चकाकतो. त्यामुळे आधी ओळख पटवून घ्यावी: आतल्या शिवणीतल्या मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडातून, दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून पेटवावेत. लोकर केस जळाल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी आणि राख दोन्ही मिळाले तर कापड मिश्र आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्यांत इस्त्रीकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये.

कापड लोकरी असल्यास कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर एक दिवस मोकळा टांगावा. नंतर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती मानेच्या जागी धरावी, कॉलर तिच्याभोवती वळवावी, ओले करून पिळलेले सुती फडके वर ठेवावे आणि इस्त्री न दाबता, केवळ टेकवून वाफ द्यावी. फडके काढल्यावर कॉलर पूर्ण थंड आणि कोरडी होईपर्यंत तशीच गुंडाळलेली ठेवावी, कारण आकार थंड होताना पक्का होतो, आणि गरम असतानाच ती सोडली तर सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात ही तपासणी शक्यतो टाळावी. लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत शोषून घेऊ शकते, आणि दमट हवेत कॉलर नीट सुकत नाही.

तिसरी तपासणी: अस्तर

बाहेरचे कापड निर्दोष, कॉलर निर्दोष आणि तरीही पोकळी, अशा जुन्या कोटांत अपराधी बहुधा अस्तर असते. ही गोष्ट फार थोडे लोक तपासतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा मुद्दाम लांब आणि रुंद ठेवलेले असते. पाठीच्या मधोमध त्याला वरपासून एक उभी चूण दिलेली असते, साधारण पाऊण ते एक इंच खोल, आणि खाली घेराजवळ आडवा झोल सोडलेला असतो. शरीर हलले की लोकरी कापड थोडे ताणते. अस्तर तसे ताणत नाही, आणि म्हणून त्याला ही मोकळीक लागते. जुनी अस्तरे बहुधा रेयॉनची, रेशमाची किंवा सुती सॅटिनची असतात. रेयॉन पाण्यात आवळते, आणि घरी कोणीतरी कोट एकदा पाण्यात बुडवलेला असेल तर झोल संपून जातो. आवळलेले अस्तर वर गळ्याला आणि खाली घेराला शिवलेले असल्यामुळे ते पाठ आतून खाली खेचून धरते, पाठीचे कापड वर चढू शकत नाही आणि कॉलर मानेवर पोहोचत नाही. दुसरा प्रकार असा, की मधल्या काळात कोणीतरी पाठीची मधली शिवण आत घेतली आणि काम सोपे व्हावे म्हणून अस्तराची चूण तेथेच टिपेने बंद करून टाकली. अशा कोटात उभे असताना दोष दिसत नाही, पण हात पुढे नेला की लगेच कॉलर सुटते.

तपासणी सोपी आहे. कोट उलटा करून मोठ्या टेबलावर पसरावा आणि अस्तराची चूण बोटाने उघडून पाहावी. त्यानंतर घेराजवळ, मधोमध, अस्तराची हातशिलाई लहान कात्रीने चार इंच उसवावी. ब्लेड मात्र वापरू नये. आता कोट सुलटा करून पुन्हा घालावा. कॉलर खाली मानेवर बसली, तर कारण सापडले. अस्तर अर्धा इंच खाली सोडून हाताने पुन्हा तुरपावे, आणि खाली सोडायला अस्तरच उरले नसेल तर त्याच रंगाच्या कापडाची पट्टी आतून जोडावी. ती बाहेर दिसत नाही. उसवताना अस्तर बोटाच्या दाबाने फाटत असेल तर तेथेच थांबावे. कुजलेल्या अस्तराला टाका धरत नाही आणि संपूर्ण अस्तर बदलणे हे घरचे काम नव्हे.

अस्तराची तपासणी टाचण्या लावण्यापूर्वीच करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण आवळलेले अस्तर पाठ आखूड असल्याचा हुबेहूब आभास निर्माण करते आणि त्या आभासावर विश्वास ठेवून पाठ वाढवलेले कोट मी परत दुरुस्त केलेले आहेत.

चौथी तपासणी: खांद्याचे पॅड

कॉलरखाली आडवी वळी असेल, तर आधी पॅडकडे वळावे. घालणाऱ्याचे खांदे मूळ मालकापेक्षा चौरस असले, म्हणजे मानेपासून टोकापर्यंत कमी उतरत असले, की कोट टोकांवर टेकतो, मानेजवळ अधांतरी राहतो आणि उरलेले कापड कॉलरखाली वळीच्या रूपाने जमा होते. चाळीसच्या दशकात आणि पुन्हा ऐंशीच्या दशकात जाड पॅडची पद्धत होती, त्यामुळे त्या काळातल्या कोटांत हा दोष अधिक ठळक दिसतो. शिवाय जुने पॅड कापसाच्या थरांचे असत, आणि ओलाव्याने कापसाच्या गाठी होऊन पॅडचे बाहेरचे टोक दगडासारखे कडक झालेले असते.

मुंढ्याजवळ, म्हणजे बाही कोटाला जोडलेली असते तेथे, आतल्या बाजूने अस्तराची शिवण दोन-अडीच इंच उसवली की पॅड बोटांना लागते. त्याची जागा रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवावी, पॅड धरणारे टाके कापावेत, पॅड बाहेर काढावे आणि कोट पॅडशिवाय घालून पाहावा. वळी नाहीशी झाली आणि कॉलर बसली, तर पॅडचा एखादा थर सोलून किंवा पातळ पॅड घालून काम भागते. उलट, घालणाऱ्याचे खांदे अधिक उतरते असतील, तर मानेपासून काखेकडे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या दिसतात. अशा वेळी दोन पदरी रुमाल पॅडखाली सरकवून पाहावा आणि सुरकुत्या गेल्यास कापसाचा पातळ थर वाढवावा. एकच खांदा उतरता असेल तर त्याच बाजूला हा उपाय करावा. पॅडच्या जाडीतला फरक पाव इंचापलीकडे नेऊ नये, कारण बाहीचा वरचा गोल भाग पॅडच्या उंचीवर बेतलेला असतो. त्याहून जास्त बदल केला की बाही लोंबते किंवा फुगते आणि एका दोषाच्या जागी दोन होतात.

पाचवी तपासणी: पाठ व छाती घट्ट आहे का

हात पुढे नेल्यावरच कॉलर सुटत असेल आणि अस्तर निर्दोष असेल, तर पाठीची रुंदी कमी पडत आहे. कोट उलटा करून बाजूच्या आणि पाठीच्या मधल्या शिवणीतली माया पाहावी. जुन्या शिंप्यांची एक गोष्ट मला फार आदराची वाटते: कापड महाग होते, कोट आयुष्यभर वापरायचा होता आणि माणूस पुढे सुटणार हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते मायेला कात्री लावत नसत. चांगल्या जुन्या कोटात मधल्या शिवणीत एक इंचापर्यंतही माया मिळते. ती असेल तर पाव ते अर्धा इंच सोडणे शक्य असते. परंतु सोडण्यापूर्वी अर्धा इंचाचा छोटा भाग उसवून, आत दडलेल्या कापडाचा रंग दिवसाच्या उजेडात बाहेरच्या कापडाशी ताडून पाहावा. बाहेरचा रंग उन्हाने आणि वापराने उतरलेला असेल, तर सोडलेली माया पाठीवर गडद रेघेसारखी दिसेल आणि ती पुसता येणार नाही. जुन्या टिपेची छिद्रेही लोकरीत वाफेने मिटतात. टेरीवूलमध्ये मिटत नाहीत.

मुंढा खूप खाली कापलेला असेल तर मात्र काही करता येत नाही. कापून गेलेले कापड परत आणता येत नाही, आणि कोट केवळ उभ्याने वापरण्यासाठी ठेवावा हे मी ग्राहकाला सरळ सांगतो.

सहावी तपासणी: टाचण्यांच्या तीन कसोट्या

येथपर्यंत दोष टिकून राहिला असेल तर तो कोटाच्या कापणीत किंवा गळ्यात आहे, आणि कोणत्या ठिकाणी आहे हे न उसवता कळते. कोट घातलेल्या माणसामागे उभे राहून कॉलरखालच्या वळीची दोन सूत चिमूट आडवी धरावी आणि टाचण्या लावाव्यात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोकळी मिटली तर पाठ वर लांब आहे. वळी नसेल तर घालणाऱ्याला क्षणभर कवायतीत उभा राहतो तसे ताठ उभे राहायला सांगावे. ताठ झाल्यावर पोकळी मिटत असेल आणि सैल उभे राहिल्यावर पुन्हा येत असेल, तर त्याच्या पुढे झुकलेल्या मानेला आणि गोलावलेल्या पाठीला कोटाची पाठ आखूड पडते आहे. संगणकासमोर दिवस काढणाऱ्या आजच्या तरुणांत ही पाठ मला फार दिसते, आणि त्यांचे आजोबा ताठ चालणारे असतील तर दोन पिढ्यांमधला हा फरक कोटावर लगेच उमटतो.

तिसरी कसोटी गळ्याची आहे. वरच्या दोन्ही कसोट्यांत काही निष्पन्न झाले नाही, तर मागच्या मधोमध कॉलर उभी चिमटीत धरून दोन सूत कमी करून पाहावी. कॉलर मानेला अलगद लागली आणि पाठीवर नवी सुरकुती पडली नाही, तर गळा कालांतराने सैल पडला आहे. मागचा गळा गोल कापलेला असल्यामुळे त्याचे धागे ठिकठिकाणी तिरके पडतात, आणि कोट खुंटीला कॉलरने टांगण्याच्या सवयीने तो हळूहळू ताणला जातो.

सातवी तपासणी: गळा आणि कॉलर

केवळ तिसरी कसोटी लागू पडली असेल तरच कॉलर उसवावी. ज्याला हाताने बारीक, समान टाके घालता येतात आणि ज्याने पूर्वी एखाद्या निरुपयोगी कोटावर सराव केला आहे, त्यानेच हे काम घरी हाती घ्यावे. कॉलर चिकटपट्टीच्या बकरमवर (गोंद लावलेल्या ताठ कापडावर) बसवलेली असेल, म्हणजे बोटांत धरल्यावर ती पुठ्ठ्यासारखी एकसंध लागत असेल आणि खालच्या बाजूला टाक्यांचे खळगे दिसत नसतील, तर उसवू नये. सत्तरच्या दशकानंतरच्या तयार कोटांत असे आढळते, आणि वाफेने तो गोंद सुटून कॉलरवर फोड येतात.

हातशिलाईची कॉलर असल्यास प्रथम कॉलरचा मध्य, पाठीचा मध्य आणि दोन्ही खांद्यांच्या शिवणी जेथे कॉलरला मिळतात ती ठिकाणे, कॉलरवर आणि कोटावर दोन्हीकडे, रंगीत दोऱ्याने खुणावून घ्यावीत. खडूच्या खुणा वाफेने जातात. मग फक्त मागचा भाग, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, उसवावा. लॅपल आणि कॉलर यांच्यामधली पुढची खाच अजिबात मोकळी करू नये. कोटाचा चेहरा तेथे असतो, आणि जुन्या कारागिराने डोळ्याने साधलेली ती खाच एकदा हलली की दोन्ही बाजू पुन्हा सारख्या येत नाहीत.

आता गळ्याच्या कडेपासून एक सूत आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून तो दोन्ही बाजूंना सारखा ओढावा, जमलेली बारीक चूण ओल्या फडक्याखाली इस्त्री टेकवून आवळून टाकावी, आणि गळा पुन्हा ताणू नये म्हणून आधीच धुऊन आवळवलेली सुती फीत त्यावर हाताने लावावी. कॉलरच्या खालच्या मेल्टनला मधोमध शिवण असते. तेथून एकूण दोन सूत घेता येतात. वरची कॉलर मात्र बहुधा एकाच तुकड्याची असते, तिला मध्ये शिवण नसते, आणि म्हणून तिची लांबी केवळ वाफेने आवळूनच कमी करावी लागते. यावरूनच या कामाची मर्यादा ठरते: दोन सुतांपेक्षा जास्त घट घ्यायची असेल तर वरची कॉलर खाचेपासून काढावी लागेल, आणि ती घरी काढू नये.

बसवताना आधी कच्च्या टाक्यांनी जोडावे, कोट घालून पाहावा, बसून आणि हात पुढे करून पाहावा, आणि मगच मेल्टनची कड लहान हातटाक्यांनी पक्की करावी. या जागी मशीनची टीप घालू नये. हातटाका किंचित सरकतो आणि कॉलरला मानेबरोबर हलू देतो. टिपेची ओळ ताठ राहते आणि कॉलर पुन्हा उभी राहते.

येथे थांबावे

टाचण्यांच्या पहिल्या दोन कसोट्यांपैकी एक लागू पडली असेल, म्हणजे पाठ लांब किंवा आखूड निघाली असेल, तर घरचे काम संपले. पाठीचा हा तोल बदलण्यासाठी कॉलर, खांद्याच्या शिवणी आणि दोन्ही बाह्यांचे वरचे भाग उसवून पाठ वर किंवा खाली सरकवावी लागते. आखूड पाठीला तर गळ्याजवळ आणि खांद्यावर माया शिल्लक आहे की नाही यावरच सगळे अवलंबून असते. कापड उजेडासमोर धरल्यावर विरळ दिसत असेल, शिवणीजवळ धागे तुटत असतील, चौकडी किंवा पट्टी खांद्यावर जुळवलेली असेल, किंवा आतल्या खिशात शिंप्याचे नाव, मालकाचे नाव व तारीख असलेली पट्टी शाबूत असेल, तरीही थांबावे. इंग्लंडमधल्या शिंप्यांमध्ये अशी पट्टी खिशाच्या आत लावण्याची पद्धत होती, आणि असा कोट हा वस्त्राबरोबर दस्तऐवजही असतो.

काम पँटची लांबी कमी करणाऱ्या अल्टरेशनच्या दुकानात देऊ नये. स्वतः कोट कापणाऱ्या कटिंग मास्तरांकडे जावे. त्यांना "कॉलर घट्ट करा" असे सांगू नये, कारण सांगितलेले काम ते करून देतील आणि दोष तसाच राहील. पहिल्या तपासणीतले फोटो, लिहून ठेवलेली लक्षणे आणि टाचण्यांच्या कसोट्यांचा निष्कर्ष त्यांच्यापुढे ठेवावा, नेहमीचा शर्ट घालून जावे आणि कच्च्या टाक्यांवर ट्रायल देणार का, हे विचारावे. कोट अंगात घालायला न सांगता टेबलावरच पाहून दर सांगणाऱ्याकडे तो ठेवून येऊ नये. मायेचे कापड कापून टाकू नये, हे पावतीवर लिहून घ्यावे. काम झाल्यावर कोट लाकडी हँगरवर एक दिवस टांगून ठेवावा आणि मगच, त्याच शर्टावर, त्याच ठिकाणाहून काढलेल्या नव्या फोटोशी जुना फोटो ताडून पाहावा.